नायिकेचे गुडघे

"बाथरूममध्ये घसरलो होतो," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "काका, हाडांचा असा चुरा व्हायला बाथरूमला निदान दोन मजले हवेत. खरं काय ते सांगा, मगच गुडघ्यांना हात लावतो."

"मग राहू द्या. मी घरी जातो."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मुलीनं कपाळाला हात लावला. ती फिजिओथेरपिस्ट. सगळ्या गावाला चालायला शिकवणारी, आणि बाप दारापर्यंत पोचत नव्हता. घरोघरी पाण्याचे मीटर वाचण्यात या माणसाचा जन्म गेला. पोरीला त्यानं कधी झोपाळ्यावरही बसू दिलं नाही. ती स्टुलावर चढली तरी हा खाली हात पसरून उभा.

वॉर्डातल्या टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. नायिकेनं गच्चीवरून उडी टाकली, झगा झटकला आणि पळत सुटली.

"काय बाई आहे!" शेजारच्या खाटेवरचा शिंपी प्लास्टरमधला हात सावरत म्हणाला. "तरुणपणी हिच्यापायी मला घास उतरायचा नाही."

वडिलांना ठसका लागला.

मुलगी मात्र पडद्याकडे बघतच राहिली. माणसांच्या चाली ओळखणं हाच तिचा धंदा. डावं पाऊल बाहेर फेकत, उजवा खांदा पाडून पळणारी ती पाठ तिनं शाळेच्या वाटेवर रोज बघितली होती. तेव्हा झगा नव्हता, एवढंच.

ती वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, ते तुम्ही आहात."

"हळू बोल."

"आईला माहीत होतं?"

"स्टुडिओच्या कपडेपटातच होती ती. झगे उसवून माझ्या मापाचे करायची." वडील चादरीचा धागा ओढत राहिले. "तू झालीस तेव्हा त्यांचीच दुपटी शिवली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा बाप झगा घालून उड्या मारायचा? शाळेत पोरांनी तुला जगू दिलं असतं?"

"आणि तो झोपाळा?"

"पडल्यावर काय होतं, ते घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं."

डॉक्टर परत आले. "काय ठरलं, काका?"

वडिलांनी मुलीकडे चोरून बघितलं. ती हसत नव्हती. मग ते कोपरावर रेलले.

"डावा गच्चीवरून. उजवा घोड्यावरून." घसा खाकरला. "नायिका म्हणून."

शिंप्यानं टीव्हीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे बघितलं.

"अरे देवा! म्हणजे माझा घास अडायचा तो..."

"चेहऱ्यापायी अडला असेल, तर माझी जबाबदारी नाही," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉयनी चादरीची टोकं धरली. "एक, दोन..."

वडिलांनी हनुवटी छातीला लावली, हात पोटाशी घेतले आणि अंग अलगद सैल सोडलं. मुलीनं आजवर कितीतरी पेशंट उचलले होते. इतकं सुरेख कुणी स्वतःला उचलू दिलं नव्हतं.

शिंपी खाटेवरून उतरून उभा राहिला. स्ट्रेचर दाराबाहेर जाईपर्यंत बसला नाही.