दोन बटनांचा डबा

हसनैनने बेंजोचं बटन उलटं फिरवलं आणि गिटारचा आवाज गेला. सुलटं फिरवलं, परत आला.

“हे पाय,” तो म्हणाला. “बटन तुहं, अन् मरतो मी.”

त्याचा बेंजोवाला देवमन दाराशी उकिडवा बसला होता.

डबा हसनैननेच बनवला होता. अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा, आत जुन्या रेडिओतले ट्रान्झिस्टर, वर दोन बटनं: एक त्याच्या गिटारचं, एक देवमनच्या बेंजोचं. गिटार त्यातून अशी गुरगुरायची की वरातीतली म्हातारी माणसंही खांदे उडवायची. पण गेल्या दोन वरातींत भर रस्त्यात दोघांचेही आवाज एकदम बसले. ढोलवाले थांबले, नवरदेवाच्या मामाने नको नको ते ऐकवलं. कापसाच्या पऱ्हाटीने दगा दिल्यापासून आधीच लग्नं कमी, त्यात हे. उद्या पातूरची वरात होती, मोसमातली शेवटची. पातूरकरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आवाज बंद पडला की तिथूनच परत जा, आम्ही डीजे बोलावू.

बॅटरी बदलून झाली. अर्थची वायर वेगळी करून झाली. इतके दिवस हसनैन त्या डब्याला शिव्या घालत होता, आणि चारचौघांत देवमनलाही. जुन्या शहरातल्या त्या अरुंद खोलीत सोल्डरच्या धुराने दोघांचे डोळे चुरचुरत होते. हसनैनच्या आईने, हलीमाबीने, आतून चहा आणून ठेवला, तरी कोणी कपाला हात लावला नाही. जीव नुसता विटला होता.

मग हसनैनने दोन्ही बटनं निम्म्यावर आणली. बेंजो जरा कमी केला, तर गिटार जराशीच बसली. पार शून्यावर नेला, तेव्हाच सगळं मेलं. त्याने बटनांखालच्या वायरी बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

“धत् तेरी! वायरी उलट्या लावल्या मी. एक बटन पार बंद झालं, का दोघांचाबी आवाज बसते.”

“मंग लाव सुलट्या.”

चहा निवायच्या आत काम झालं. बेंजो बंद केला तरी गिटार खणखणीत वाजत राहिली. हसनैनला हसू आलं, आणि हसता हसताच तो थांबला.

“देवमन, वरातीत हे बटन पार बंद कोनं केलं? ठेल्यावर डब्यापाशी तर तूच बसतं.”

देवमन बेंजोची तार उगाच पुसत राहिला.

“माह्या मामाच्या गावात आपून नितेश नावाच्या पोराच्या घरापुढून चाललो होतो. फवारनीचं औषध घेतलं त्यानं. तेरवीबी झाली नव्हती. त्याची माय, जमुनाबाई, ओसरीत बसून आपल्याकडं पाहून राहिली होती. माह्याच्यानं वाजवनं झालं नाही. मी माहाच आवाज बंद केला. तुही गिटार चालू राहीन, असं वाटलं.”

“मले सांगाचं नाही?”

“वरातीत मेलेल्याचं नाव काढू? नवरदेवाच्या मायले काय वाटलं असतं?”

“अन् दुसऱ्या गावात?”

“तिथंबी होतं एक घर.”

हसनैनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या शिव्या खाल्ल्या, आणि या गड्याने तोंडातून ब्र काढला नाही!

“पातूरले?”

“वेशीपाशीच हाय एक,” देवमन म्हणाला. “पन आता डबा नीट झाला ना. तू वाजव. मी गप बसतो.”

त्या घरापुढून आपण एकटेच वाजवत चाललो आहोत, हे हसनैनच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने सोल्डर गनची पिन परत बोर्डात खुपसली.

“आता काय करून राहिला?”

“वायरी उलट्या. तू गप बसला, का मीबी गप.”

“येडा झाला काय? डीजे बोलावतीन ते.”

“बोलावू दे. डब्यात फॉल्ट हाय म्हनू. कोनाचं नावबी निघत नाही.”

देवमन उठला आणि वायर हलू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी धरून बसला.

“हसनैन,” आतून हलीमाबीने विचारलं, “सुधरा क्या डब्बा?”

हसनैनने शेवटचा टाका घातला, फुंकर मारली.

“नहीं अम्मी,” तो म्हणाला. “नहीं सुधरता.”