बादलीतले तीन चाकू

पातं मध्ये बसत नव्हतं... मुठीच्या दोन पत्र्यांमधल्या फटीत ते डावीकडे कललं होतं, अगदी केसभर, एका कुल्ल्यावर भार देऊन बसलेल्या आगाऊ पाहुण्यासारखं. तिने एक डोळा मिटून ती फट दाराच्या उजेडाकडे धरली, मग कानाशी नेऊन चाकू हलवला, आणि आत कुठेतरी खुळखुळलं तसं तिला बरं वाटलं. दोष सापडला की तिला बरंच वाटायचं. दोष नसलेल्या वस्तूशी बोलायचं तरी काय?

कलमाच्या मेजावर घडीचे तीन चाकू होते, तिन्ही स्वस्तातले. हा पत्र्याचा, एकच रिवेट, स्प्रिंग नाही, पात्याला मागे शेपटी. कापताना ती अंगठ्याने दाबून धरायची, म्हणजे जोवर अंगठा शुद्धीवर तोवर चाकू उघडा. दुसरा काळ्या मुठीचा, पाठीत स्प्रिंगवाला. उघडताना कसा खट् बोलतो, मिटताना पुन्हा खट्, घरात एक तरी माणूस असं स्पष्ट बोलणारं हवं. पण त्याचा मधला रिवेट वर आलेला, नख फिरवलं की अडतं, आणि दिवसभर कलमांचे डोळे भरायचे तर तळव्याला तिथे फोड ठरलेला. तिसरा लाकडी, मानेला फिरती कडी. हातात घेतला की हात म्हणतो, हाच... हाताचं काय, हात भोळा असतो. लाकूड पाणी पितं. या रोपवाटिकेत हवासुद्धा ओली.

तिच्या कमरेला जुना होता तोही लाकडीच, सासूने दिलेला. पातं झिजून झिजून बोंबलासारखं झालेलं. इथला रिवाजच तो, चाकू घरच्या बाईच्या हातून मिळायचा, आणि मिळाला तोच कलमाच्या मेजावर बसायचा. बाकीच्यांनी माती चाळायची, पिशव्या भरायच्या. तिच्या मुलाला मिळाला होता एकदा. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं त्याने. दुपारच्या जेवणाआधी चाकू परत तिच्याकडे, मुलगा परत हिशेबाला.

आता सून. लग्न होऊन आली तेव्हापासून पिशव्या भरतेय, तोंडातून शब्द नाही, पण मेजापाशी आली की पाय हळू होतात तिचे. मला दिसत नाही की काय. सगळं दिसतं मला. चाकू तिच्यासाठीच आणलेत हे तिला कळलंय, हेही दिसतं... आणि म्हणूनच तिन्ही मेजावर पडून आहेत. एकदा दिला की दिला. मग मेजावर दोन बायका, दोन हात, आणि गिऱ्हाईक विचारणार, यातलं तुमचं कलम कुठलं? विचारेल मेलं.

दाराशी रोपांना चिठ्ठ्या बांधत बसलेले तिचे यजमान मान वर न करता म्हणाले होते, की सून बघायला गेलो तेव्हा तू दोन बिस्किटं खाऊन होकार दिलास, आणि चाकूंना आठवडा. तिने ऐकवलं, की सून बिघडली तर तुमचा मुलगा निभावेल, चाकू बिघडला तर माझं झाड जातं. ते मिशीत हसले. हल्ली फार हसतात मिशीत.

सकाळी तिन्ही चाकू मिटून पाण्याच्या बादलीत टाकले होते, जेवणानंतर काढले. पत्र्याच्या रिवेटला तपकिरी कड आली होती, अपेक्षितच. काळ्याने पाणी झटकलं आणि खट्... शहाणा आहे, रिवेट कानशीने घासला की झालं. मनात त्याचंच ठरलं जवळजवळ. लाकडी मात्र फुगून बसला होता. खाचेत नख घातलं, ओढलं, नख मोडलं, पातं जागचं हललं नाही. पक्कड मागायची तर यजमानांकडे, आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत तोच विषय.

सून पिशव्यांची पाटी घेऊन आत आली, ठेवली, क्षणभर बघत राहिली. "द्या बरं, आई," म्हणाली. चाकू घेतला, मुठीचं बूड मेजाच्या कडेवर एकदाच आपटलं. टक्. पात्याचं टोक बाहेर आलं. तिने ते चिमटीत धरून उघडलं, कडी फिरवली, आणि मग आपण काय केलं ते कळून तशीच उभी राहिली.

टक्... हे आपण कुणाला दाखवलेलं नव्हतं. पावसाळ्यात फुगलेला जुना चाकू असाच उघडायचा, मुठीच्या बुडावर, एकदाच, जोरात नाही... हे आपल्याच हाताला ठाऊक होतं, त्या चाकूला ठाऊक होतं. आणि तो तर दिवसभर कमरेला. दुपारच्या झोपेची तेवढी घटकाभर खिळ्याला.

"माझा घेत होतीस?"

"तुम्ही झोपलात की." आणि थोडं थांबून, "धार लावून ठेवत होते पण."

धार! जुनं लोखंड ते जुनं लोखंड, असं तिने दुकानदाराला परवाच सुनावलं होतं, की माझा चाकू बघ, दगड लागत नाही त्याला महिना महिना... आणि मागच्या कुंपणापाशी ते लिंबाचं कलम, खालून वर घट्ट वळत गेलेली पट्टी, टोक आत खोचलेलं, फुटलेली दोन पानं तेलकट हिरवी. ते तिने यजमानांना हाताला धरून दाखवलं होतं. बघा, हात अजून चालतो माझा. कधी बांधलं ते आठवत नव्हतं, पण इतकं नेटकं म्हणजे आपणच, दुसरं कोण? आणि ते मिशीत... म्हणजे त्यांना ठाऊक होतं. घरभर ठाऊक होतं. मीच तेवढी माझं कौतुक करत फिरत होते!

राग यायला हवा होता. तिने त्याची वाट पाहिली, जागा करून दिली, पाट मांडला म्हणा ना. पण पोटातून वर येत होतं ते भलतंच काहीतरी, गुदगुल्यांसारखं, आणि ते दाबायला तिने ओठ मुडपले. दाराशी चिठ्ठ्यांची सळसळ थांबली होती. ऐकतायत. ऐकू देत.

तिने तिन्ही चाकू मेजावरून सुनेकडे सरकवले.

"यातला कुठला चांगला?"

सुनेने मातीचे हात पदराला पुसले. पत्र्याचा उचलला, एक डोळा मिटून उजेडाकडे धरला, कानाशी नेऊन हलवला. काळ्याच्या रिवेटवरून नख फिरवलं, अडलं, पुन्हा फिरवलं. लाकडी तळव्यावर तोलला. मग तिन्ही खाली ठेवून विचारात पडली... आणि ओठ मुडपले तिने. कुठे बघितलंय हे तोंड? आरशात, आणखी कुठे.

काळा, हे आपलं उत्तर मनात तयारच होतं. पण सून अजून बोलत नव्हती, आणि ती बोलेपर्यंतच्या त्या लांबलचक गप्पपणात तिला जाणवलं, की आपण श्वास धरून बसलोय, परीक्षेला बसल्यासारखं... आणि सुनेने दुसराच कुठलातरी म्हणावं, कारण सांगावं, मग आपण ते खोडून काढावं, तिने ऐकू नये, संध्याकाळ होईस्तोवर मेजाच्या दोन बाजूंनी असंच चालावं... मेजाखाली तिचं बोट कडेवर हलकेच वाजत होतं. टक्. टक्.