उपाशीपोटी आलेली ओबियागेली

मी एनुगू शहरातल्या एका दवाखान्यातलं जुनं एक्स-रे टेबल आहे. मित्रांनो, कारखान्यातून आलं तेव्हा माझा पत्रा आरशासारखा चकाकायचा. मोडलेले हात, खोकणाऱ्या छात्या, सगळं मी अंगावर घेतलं. कौतुक मात्र वरच्या यंत्राचं! माझ्याबद्दल लोक एवढंच म्हणायचे, “अगंबाई, किती गार!”

मूल होत नाही म्हणून काळजीत असलेल्या बायकाही माझ्यावर झोपतात. बारीक नळीने गर्भाशयात फोटोत दिसणारं औषध सोडून फोटो काढतात, म्हणजे बीजनलिकांच्या वाटा मोकळ्या आहेत का ते कळतं. तपासणी छोटीच. पण ज्यांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पोटात इतरत्र वाढण्याचा आजार आहे, त्यांच्या पोटात जुन्या रक्ताच्या गाठी असू शकतात. तिथे जंतू शिरले की लवकर हटत नाहीत. अशीच एक बाई तपासणीआधीच्या जंतुनाशक गोळ्या न घेता तपासून गेली आणि तापाने फणफणत परत आली. तिचं कण्हणं मी विसरलेलं नाही.

ओबियागेलीला तोच आजार होता.

“गोळ्या घेतल्यास ना गं?” सिस्टर उजुन्वांनी विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

दारातून सासू अभिमानाने म्हणाली, “काळजीच नको, सिस्टर! पास्टरांनी कडक उपास सांगितलाय. कालपासून पाण्याचा थेंब नाही घेतला सुनेने!”

सिस्टरांचा हात थांबला. “मग गोळ्या कशाने गिळल्यास? हवेने?”

ओबियागेलीला रडू फुटलं. गोळ्या पर्समध्येच होत्या. “आज राहिलं तर पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागेल. घरीदारी सगळे विचारतात हो!”

“विचारू देत. गाठीत पू झाला तर काय सांगशील त्यांना?”

“देवाचा उपास मोडायचा?” सासू फणकारली.

ओबियागेलीने डोळे पुसले आणि स्वतःच माझ्यावरून खाली उतरली. “आई, देवाशी मी बोलेन. पुढच्या वेळी खाऊन, गोळी घेऊनच येणार. आणि दुखलं तर दुखतंय म्हणणार.”

पुढच्या पाळीनंतर ती आली. ओठाला अकाऱ्याचा, म्हणजे चवळीच्या भज्यांचा, चुरा होता. तपासणी झाली, नंतर तापही आला नाही. बाळाचं अजून ठरायचंय. त्या दिवशी बाहेर सासूचा आवाज मात्र खणखणत होता. ती दुसऱ्याच कुणाच्या सुनेला दटावत होती, “उपाशी आलीस? गोळी कुठाय? ऊठ, आधी पेज पी!”

मित्रांनो, मला रोज स्वच्छ पुसा, एवढं माझं मागणं आहेच. पण माझ्यावर झोपणाऱ्या आई, मावशी, ताईला आधी नीट विचारा. आणि खरं बोलली म्हणून तिला रागावू नका.