बावीस नंबरचे आकडे

निवृत्त झाल्यावर आठ महिने मला कोणी काही विचारलं नाही, आणि मग एका कंपनीने मला सल्लागार केलं. विजेच्या धंद्यात म्हणे सगळंच बदलतंय. उन्हाची वीज, वाऱ्याची वीज, माणसाशिवाय चालणारी उपकेंद्रं. पण नवं बसवायचं तर जुनं कसं चालायचं हे सांगणारा एखादा म्हातारा लागतोच. "बाबा, चांगली संधी आहे, सोडू नका," लेक म्हणाली. ती लांब असते, रविवारी सात मिनिटं बोलते. मी कशाला सोडतोय! बायको जाऊन पाच वर्षं झाली. कुकरची शिट्टी सोडली तर घरात दुसरं कोणी तोंड उघडत नव्हतं.

काम सोपं होतं. उपकेंद्रात जायचं, ते ऑपरेटरशिवाय दुरून चालवता येईल का ते पाहायचं आणि अहवाल द्यायचा. पहिला चोख झाला तर आणखी चाळीस केंद्रं मिळणार होती. यादीत पहिलंच केंद्र बावीस नंबर निघालं आणि मी यादी घडी घालून खिशात ठेवली.

नोकरीत मी कंट्रोल रूममध्ये होतो. लहान केंद्रांचे ऑपरेटर दिवसा दर तासाला फोन करून व्होल्टेज, लोड वगैरे आकडे सांगायचे, मी ते परत म्हणून दाखवायचो आणि लिहून घ्यायचो. बावीस नंबरचा ऑपरेटर एकोणीस वर्षं मला आकडे सांगत होता. तो मला कंट्रोल म्हणायचा, मी त्याला बावीस. आकडे मिनिटभराचे, मग चार मिनिटं इकडचं तिकडचं. आम्ही एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

बायको गेली त्याच वर्षी केंद्रांमध्ये आपोआप आकडे पाठवणारी मशिनं बसली. फोन बंद करा असं पत्रक आलं. मी सगळ्या केंद्रांना कळवलं, बावीसला नाही. त्याला म्हणालो, "तुझं मशीन अजून चाचणीवर आहे, तू आपला फोन करत राहा." चार वर्षं तो करत राहिला. मी निवृत्त झालो आणि माझ्या जागी आलेल्याने दुसऱ्याच दिवशी त्याला फोन बंद करायला सांगितलं. त्यानंतर मीही त्याला फोन केला नाही. आकड्यांशिवाय काय म्हणून करणार?

बावीस दारातच उभा होता. त्याच्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरून चाललो होतो, हा तर काडीपैलवान निघाला. "या," तो म्हणाला. "हो," मी म्हणालो. पुढे दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. समोर बसलेल्या या माणसाशी मी कधी बोललोच नव्हतो. शेवटी मी पाहणीचं निमित्त काढून मागच्या बॅटरीच्या खोलीत गेलो. तिथे आतला फोन होता. मी तो उचलला आणि त्याच्या टेबलावरचा नंबर लावला.

"बावीस?"

"बोल कंट्रोल!" तो खदखदून हसला. "अरे, समोर असताना तुझी काय दातखीळ बसली होती का?"

"आणि तू काय भाषण ठोकत होतास?"

मग पंधरा मिनिटं आम्ही पूर्वीसारखे बोललो. त्याला बिलांच्या ऑफिसात पाठवणार होते. त्याचं त्याला दुःख नव्हतं, तिथे निदान बोलायला माणसं होती. माझ्या हातातल्या तक्त्यात एक रकाना होता: टेलिफोनवरचे आकडे कधीपासून अनावश्यक झाले? खाली दोघांच्या सह्या. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मला तेवढा एकच रकाना दिसत होता. आठ महिन्यांपूर्वीची, त्याचे फोन बंद झाले तेव्हाची तारीख टाकली असती तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती, तेव्हाचं आठवतं?" तो म्हणत होता. "दवाखाना समोरच. मदतनिसाला खुर्चीत बसवून जायचो, चाळीस मिनिटं तिच्याजवळ बसायचो आणि तुझ्या फोनसाठी पळत यायचो. ती म्हणायची, थांब की जरा. पण एक आकडा चुकवला नाही मी."

आठवत होतं. रोज आकडे घेतल्यावर मीच विचारायचो, आई कशी आहे म्हणून. मला लाज वाटली, इतकी की आता खोटं लिहिणं जमेना.

"बावीस, ते आकडे लागत नव्हते. मशीन चाचणीवर नव्हतं. बसवलं त्या दिवसापासून चालू होतं."

"परत बोल," तो म्हणाला. आकडा नीट ऐकू आला नाही की तो असंच म्हणायचा. मी परत बोललो.

त्याने फोन ठेवला. मी तक्त्यात खरी तारीख लिहिली आणि बाहेर आलो. त्याने तक्ता ओढून घेतला, तारखेवर बोट ठेवून वाचली आणि सही केली.

"का केलंस?"

"बायको गेली होती. दिवसभरात तुझ्याशिवाय कोणी बोलत नव्हतं."

"मग तसं सांगायचं! एकटा पडलोय, फोन करत जा, एवढं सांगायचं. आईजवळ बसून केला असता. सुट्टीच्या दिवशी घरून केला असता. आत्तापर्यंत करत राहिलो असतो." त्याने पेन टेबलावर आपटलं. "आकडे कशाला लागत होते रे तुला?"

त्याने तक्ता माझ्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

संध्याकाळी कंपनीच्या मॅनेजर बाईंचा फोन आला. अहवाल चोख होता, चाळीस केंद्रं मला मिळाली होती. "काही अडचण आली तर कधीही फोन करा," त्या म्हणाल्या. त्या असं सगळ्यांनाच म्हणत असणार. मी हो म्हणालो आणि त्यांनी ठेवेपर्यंत फोन कानाला धरून बसलो.