सोप्यातला सोफा आणि भुरी

दोन हजार चार साली, मार्गशीर्षात, पूनमचं लग्न झालं आणि तिच्या पाठोपाठ दौंडहून टेम्पोतून सोफाही केंदूरला आला. तो दुकानातून आणलेला नव्हता. पूनमचे वडील ज्योतिबा दौंडला कुशनचं काम करत. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, पण ज्योतिबा तरुणपणीच पुण्यात एका कारागिराच्या हाताखाली बसले आणि फोम, काथ्या अन् कापड यांतलेच झाले. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या बैठका सजवल्या. स्वतःच्या घरी मात्र लोखंडी कॉट. लेकीसाठी रोज दुपारी जेवणानंतर दोन तास काढून त्यांनी हा सोफा बांधला. सागाचा सांगाडा, आत काथ्या आणि फोम, वर डाळिंबी मखमल.

केंदूरच्या घराला दोन वर्षांपूर्वीच स्लॅब टाकला होता. सोप्यात, दर्शनी खोलीत, सोफा मांडला तेव्हा गल्लीतल्या बायका नुसत्या बघायला येऊन गेल्या. पूनमचा नवरा हनुमंत रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. सासूबाई गिताबाई शेत बघत. बोलणं मोजकं, पण घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नसे. आणि चौथी होती भुरी. राखाडी अंगाची, शेपटीला काळी वळी असलेली मांजर. ती यायच्या आधी उंदरांनी एका वर्षी बियाण्याची बाजरी निम्मी फस्त केली होती. भुरी आली आणि कणगीभोवतीचा उंदरांचा वावर बंद झाला. गिताबाई तिला हाताने दूध घालत, तेही स्वतःच्या चहाआधी.

संक्रांतीच्या सुमाराला पूनमला सोफ्याच्या उजव्या हातावर चार बारीक रेघा दिसल्या. आठ दिवसांत रेघांचे धागे झाले, आणि माघ संपता संपता त्या जागी बोटभर फोम बाहेर आला. भुरी दिवसातून तीनदा येऊन तिथं नखं मारायची. हाकललं की जायची आणि पाठ वळली की पुन्हा यायची.

हनुमंतानं रविवारी विषय काढला. मांजर पोत्यात घालून कासुर्डीला मामाच्या मळ्यात सोडून येतो, म्हणाला. एवढ्या लांबून परत यायची नाही. गिताबाईंनी भाकरी थापायची थांबवली आणि त्या उठून परसात गेल्या. थोड्या वेळानं परत येऊन एवढंच म्हणाल्या, की सोफा आतल्या खोलीत ठेवून वर प्लास्टिक टाका, पाहुणे आले की काढा.

पूनमला दोन्ही पटलं नाही. अण्णांनी तिच्यासाठी केलेली बैठक प्लास्टिकखाली झाकून ठेवायची, तर मग ती केली कशाला? आणि भुरीला पोत्यात घातलं, तर सासूबाईंशी आयुष्यभर सरळ बोलता येणार नाही, हेही तिला कळत होतं. लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते, तरी ती दोघांसमोर उभी राहून म्हणाली, “मांजर बी हितंच राहील आन् सोफा बी. चैत्रात जत्रंला अण्णा यायचेत. तवर मला करू द्या.”

हनुमंत हसला. गिताबाई हसल्या नाहीत.

पहिला उपाय शेजारच्या झुंबरबाईंनी सांगितला. तिखटाचं पाणी शिंपडायचं. पूनमनं शिंपडलं. कामावरून आलेला हनुमंत नेमका तिथंच टेकला आणि अर्धा तास शिंकत राहिला. मखमलीवर डाग पडला तो वेगळाच. मग तिनं डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून उजव्या हाताला लटकावल्या. भुरीनं वास घेतला, नाक मुरडलं आणि डाव्या हाताला नखं लावली.

पूनमनं त्याच दिवशी गोळ्या काढून फेकल्या. दौंडच्या दुकानात ती लहानपणापासून कापडाचं टोक धरून बसायची. अण्णा नवीन गिऱ्हाईक आलं की टेप काढत नसत. आधी त्याला बसवत, चहा पाजत आणि तो टेकतो कसा, हात कुठं ठेवतो ते बघत. आपण भुरीला एकदाही असं नीट बघितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मग दोन दिवस हातातलं काम करता करता तिनं फक्त मांजरीवर नजर ठेवली. भुरी दुपारी खिडकीखाली घडी घातलेल्या घोंगडीवर झोपायची. उठली की जांभई द्यायची आणि दाराकडे निघायची. वाटेत सोफ्याचा उजवा हात लागायचा. तिथं मागच्या पायांवर उभी राहून ती सगळं अंग ताणायची, नखं मखमलीत रुतवायची आणि खाली ओढायची. ओढून झालं की शांतपणे बाहेर. सोफ्याची पाठ रेक्झिनची होती, तिथं नख लागत नसल्यानं तिकडे ती फिरकायचीही नाही. पूनमला सोफ्याखाली झाडताना कांद्याच्या पातीसारखी पातळ, वाकडी टरफलं सापडली. ती भुरीच्या नखांवरची जुनी सालं होती. म्हणजे ती राग काढत नव्हती की खोडी करत नव्हती. तिला अंग ताणायला आणि नखांची साल काढायला जागा लागत होती, आणि घरात त्यासाठी तेवढी एकच चांगली जागा होती. तिला दुसरी द्यायची, हे पूनमनं पक्कं ठरवलं.

तिनं सरपणातला हातभर बाभळीचा ओंडका घेतला, त्याला गोणपाट गुंडाळलं आणि तो परसदारी उभा केला. भुरी आली, एक पंजा लावला. ओंडका आडवा झाला आणि भुरी भिंतीवरून पसार. पुन्हा ती त्या बाजूला गेलीच नाही.

हे सगळं गिताबाई जोंधळा निवडत बघत होत्या. सुपातली नजर न उचलता त्या म्हणाल्या, “खुटा हलला तर शेरडू बी त्याला अंग घासत न्हाई. ही तर मांजर हाय. आन् ती उठती सोप्यात, मग परसात कशाला येईल?”

या विषयावर सासूबाई पहिल्यांदाच एवढं बोलल्या होत्या. पूनम त्यांच्यापुढे जाऊन बसली. “मग कसा करू, आत्या? तुम्हीच सांगा.”

गिताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या स्वतःच उठल्या. बांधावर तोडून ठेवलेली बाभळीची सरळ खोडं होती. त्यांतलं कमरेएवढं, मांडीइतकं जाड एक त्यांनी निवडलं. पूनमनं भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या भुरीचे पंजे कुठवर पोचतात ते वीत लावून मोजलं होतं. खोड त्याहून वीतभर उंच भरलं. स्लॅबच्या वेळची अर्धी गोणी सिमेंट उरली होती, ती दगडासारखी झाली असेल असं वाटलं होतं, पण आतली चांगली निघाली. फुटक्या घमेल्यात खोड उभं करून दोघींनी त्यात खडी-सिमेंट भरलं आणि तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी हनुमंतानं खोडाला धक्का देऊन बघितला. ते जागचं हललं नाही.

गोणपाट चढवायचं काम पूनमनं कुणाला करू दिलं नाही. सुरकुती राहिली तर नख अडकून मांजर बिचकेल, हे तिला ठाऊक होतं. अण्णा सोफ्यावर कापड ताणतात तसं तिनं ते ताणलं, मागच्या बाजूला दाभणानं शिवलं आणि वर-खाली बारीक खिळे मारले. मग तो खांब तिनं सोप्यात, सोफ्याच्या उजव्या हाताला अगदी खेटून ठेवला. फाटक्या हातावर रेक्झिनचा तुकडा घट्ट बांधला. हनुमंत म्हणाला, की लोक काय म्हणतील, दिवाणखान्यात खांब रोवलाय. पूनम म्हणाली, लोकांना चहा द्यायचा, ते विसरतील.

भुरी पहिल्या दिवशी खांबाला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी हनुमंतानं तिला उचलून तिचे पंजे गोणपाटावर घासले, तर ती त्यालाच ओरबाडून पळाली. पूनमनं त्याला सांगितलं, की आता कुणी तिला शिकवायला जायचं नाही. तिसऱ्या दिवशी गिताबाईंनी भुरीची झोपायची घोंगडी खिडकीखालून काढून खांबाच्या बुडाशी घातली आणि वरच्या टोकाला एक सुतळी लोंबती सोडली.

चौथ्या दिवशी दुपारी भुरी उठली, जांभई दिली, सवयीनं सोफ्याच्या हातावर पंजे ठेवले. रेक्झिनवरून ते घसरले. तिनं शेजारी बघितलं. सुतळी हलत होती. ती उभी राहिली, गोणपाटात नखं रुतवली आणि पाठीची कमान करून खाली ओढली. करकर आवाज झाला. मग पुन्हा. सासू-सुना स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. भुरी बाहेर गेल्यावर गिताबाई म्हणाल्या, “लागली सवय.” त्या दिवशी चहा त्यांनी केला आणि पूनमच्या हातात आणून दिला.

आठवडाभरात भुरी सोफ्याकडे बघेनाशी झाली. आता राहिला फाटका हात. तशी मखमल अण्णांकडून मागवली असती तर त्यांना लगेच कळलं असतं. पण अण्णा पाठीच्या आत वीतभर कापड दुमडून ठेवतात, कधी दुरुस्ती निघाली तर असावं म्हणून, हे पूनमला माहीत होतं. तिनं पाठीचं रेक्झिन अलगद उसवलं. मखमल तिथं होती, नवी कोरी. तीन दुपारी बसून तिनं हात उतरवला, फोम भरला, तिखटाचा डाग पडलेलं कापडही काढलं आणि नवीन कापड आतल्या टाक्यानं शिवलं. ज्योतिबांनी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. ते शिकवत होते तिच्या भावाला. ती फक्त कापड धरून बसलेली असायची.

जत्रेच्या आदल्या दिवशी ज्योतिबा आले. पाणी पिऊन सोफ्यावर बसले, आणि पूनमला वाटलं होतं तेच झालं. त्यांचा हात आपोआप उजव्या हातावर गेला आणि एका जागी थांबला. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि जमिनीवर गुडघे टेकून शिवण बघितली.

“हे माझं काम न्हाई,” ते म्हणाले.

पूनमनं काहीही लपवलं नाही. भुरीनं हात फाडला, पहिले दोन उपाय फसले, मग खांब कसा केला, सगळं सांगितलं.

“मंग टाका कुणी घातला?”

“मी घातला.”

ज्योतिबांनी शिवणीवरून पुन्हा अंगठा फिरवला. “कोपऱ्यात दोरा जरा जास्त ओढलायस. बाकी समदं मी केलं असतं तसंच हाय.” चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. “तुला शिकवायला पायजे व्हतं मी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

“आता शिकवा की,” पूनम म्हणाली. “कोपरा कसा घ्यायचा ते दावा.”

दुसऱ्या दिवशी जत्रेचा गुलाल एकीकडे उडत होता आणि बाप-लेक सोप्यात कोपरा उसवून बसले होते. गिताबाईंनी पाहुण्यांची ताटं तिथंच आणून दिली. मध्येच भुरी आली, खांबाला उभी राहिली आणि सगळ्यांसमोर निवांत नखं साफ करून गेली. ज्योतिबांनी खांब थोडा बाजूला सरकवून बघू म्हणून हात घातला, तेव्हा गिताबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या पाहुणं. तिनं अन् पूनमनं जागा ठरवलीया.”

दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एका बाईंच्या दोन मांजरांपायी ज्योतिबांनी त्यांच्या खुर्च्यांचं कापड तीनदा बदललं होतं. त्या बाईंसाठी असाच एक खांब करून दे, असं त्यांनी लेकीला सांगितलं. बुडाचं सिमेंट तिकडं भरता येईल. पूनमनं दोन दिवसांत खोड निवडलं, सोललं आणि गोणपाट ताणून चढवलं.

शिक्रापूरच्या स्टँडवर ती त्यांना सोडायला गेली. ज्योतिबा खिडकीशी बसले, खांब दोन्ही गुडघ्यांत उभा धरून. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता विचारलं, की हे काय घेऊन चाललाय.

“मांजराचं हाय,” ज्योतिबा मोठ्यानं म्हणाले, म्हणजे खाली उभ्या लेकीलाही ऐकू जाईल. “माझ्या लेकीनं केलंय.”