पहिली देवाले

पोलिसांना नेमबाजी शिकवणाऱ्या रुपराव उस्तादांच्या चांदमारीवर पहिली गोळी देवाची असायची. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण उस्तादांच्या मैदानात नियमाला विचारतो कोण? नऊ एमएमचं सरकारी पिस्तूल हातात घ्यायचं, सेफ्टीचा खटका अंगठ्यानं वर करायचा आणि पहिली गोळी निशाण्याच्या पायथ्याशी, मातीत घालायची. ती मोजायची नाही. मोजणी दुसरीपासून. एखाद्या नव्या पोरानं काहून म्हणून विचारलंच, तर उस्ताद मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "पहिली देवाले द्या लागते, गा."

देवाचं नाव घेतलं की प्रश्न मिटतो. खरं कारण मात्र पिस्तुलाच्या पोटात होतं. खटका खाली असला की घोडा, म्हणजे गोळीवर ठोका देणारा मागचा हातोडा, पडलेला आणि पिस्तूल मुकं. खटका वर केला तरी घोडा पडलेलाच राहतो. पहिल्या गोळीला त्याला उचलायचं काम चापालाच करावं लागतं. म्हणून तो पहिला चाप लांब आणि जड, हापशीच्या दांड्यासारखा. एकदा गोळी सुटली की घोडा आपोआप वर बसतो आणि पुढचे चाप बोटाच्या जराशा दाबानं सुटतात. जड चाप ओढताना पोरांची मनगटं थरथरायची, गोळ्या भलतीकडे जायच्या आणि पोरं नापास व्हायची. उस्तादांना पोरांची दया आली आणि त्यांनी ती अवघड गोळी देवाला देऊन टाकली. देवानं काही मागितली नव्हती.

गोपिका शिपाई म्हणून भरती झाली तेव्हापासून तीही देत आली. तिच्याच बॅचचा प्रशिकही देत आला. तो हसायचा, "माह्या घरी देव नाही वं, पण पहिली देतोच मी. उस्तादाचा मान!"

गेल्या हिवाळ्यात दोघं कन्हानच्या बाजारामागच्या गल्लीत एका फरारी माणसाला धरायला गेले. तो सत्तूर घेऊन अंगावर आला. प्रशिक जागचा हलला नाही. त्यानं पिस्तूल काढलं, खटका वर केला, चाप ओढला, आणि गोळी त्या माणसाच्या पायापुढच्या मातीत गेली. दुसरी सुटायच्या आत सत्तूर प्रशिकच्या उजव्या खांद्यात उतरला होता. मागून धावत आलेल्या गोपिकानं लाठी घालून त्या माणसाला आडवा केला, म्हणून जिवावरचं खांद्यावर निभावलं.

खांदा जमेल तेवढा बरा झाला. नाव काही बरं झालं नाही. चौकशीत रुपराव उस्ताद म्हणाले, "पोरगं गुणाचं, पण घाबरलं. हात खाली गेला त्याचा." उस्तादच म्हणाले म्हटल्यावर पोलीस लाइनीत दुसऱ्या कोणाला काय पडलंय? चहाच्या टपरीवरही प्रशिक आला की लोक उगाच मोबाइल बघायला लागत. त्याला हलकं काम म्हणून चांदमारीवर पाठवलं. निशाण्यांच्या खड्ड्यात बसायचं, भोकांवर कागद चिकटवायचे आणि गोळी चुकली की लाल झेंडी वर करायची.

गोपिकानं त्या गल्लीत त्याचा चेहरा पाहिला होता. घाबरलेला माणूस असा उभा राहत नाही. हे तिनं साहेबांना सांगितलं, उस्तादांना सांगितलं, आणि "मैत्रीण आहे त्याची" एवढ्यावर तिचं बोलणं सगळ्यांनी झटकून टाकलं. त्या दिवसापासून तिचं डोकं तापलेलं होतं, ते काही उतरलं नाही.

मग तिनं एक धरलं. ड्युटी संपली की शस्त्रागारात परवानगीनं रिकामं पिस्तूल घ्यायचं, नळीवर काडतुसाची एक रिकामी पुंगळी उभी ठेवायची, खटका वर आणि तो जड चाप पुंगळी न पाडता ओढायचा. आधी पुंगळी टणटण करत फरशीवर पळायची. हळूहळू ती पडायची थांबली. आपण पहिली गोळी निशाण्याच्या छातीत घालायची, सगळ्यांसमोर, आणि या देवधर्माची हवा काढायची, असं तिनं ठरवलं. खऱ्या गोळ्या मात्र वर्षातून एकदाच मिळायच्या. या वर्षी त्या मिळाल्या विशेष पथकाच्या निवडीच्या दिवशी. भर मे महिना, सकाळीच मैदान तव्यासारखं तापलेलं. या पथकात जायचं गोपिकाच्या मनात भरतीपासून होतं.

"गोपिका, पहिली देवाले," उस्ताद सवयीनं म्हणाले.

"नाही देत."

रांगेत खसखस पिकली. उस्तादांनी मान वळवली. "काय म्हणते वं?"

"देवाले गोळी कायले पाहिजे, उस्ताद? रामटेकले जाऊन नारळ देईन मी त्याले. ही गोळी मोजा."

"चाप जड आहे, पोरी. चुकली त पथक विसर."

"चुकली त बाद करा मले. सगळ्यायसमोर करा. पण मोजा."

"प्रशिकसाठी करून राहिली का हे?"

"हो," गोपिका म्हणाली. "त्याच्यासाठीच करून राहिली."

उस्तादांनी खांदे उडवले, "पहिली मोजा!" असं खड्ड्याकडे ओरडून सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

तिनं खटका वर केला. डोळे छातीच्या काळ्या गोलावर, श्वास बरोबर, मनगट घट्ट. चाप ओढायला लागली, घोडा उठायला लागला, आणि तिच्या डोळ्यांदेखत नळी खाली झुकली. तिनं हाताला सांगितलं नव्हतं. हातानं तिला विचारलं नव्हतं. निशाण्याच्या पायथ्याशी माती उडाली, तिथंच, जिथं दरवर्षी उडायची.

खड्ड्यातून लाल झेंडी वर आली. पहिल्या गोळीसाठी ती कधी वर आली नव्हती.

गोपिकाला स्वतःच्या हाताचा असा राग आला की तो तोडून टाकावा. एवढे दिवस घोकलेलं सगळं मातीत! रांगेत कोणीतरी फिदकन हसलं. मग ती त्या उडालेल्या मातीकडे बघतच राहिली, आणि तिला कळलं की आपण जे दाखवायला आलो होतो त्याहून मोठं काहीतरी आत्ता दाखवून बसलो. तिनं उरलेल्या सगळ्या गोळ्या एकामागोमाग एक काळ्या गोलात घातल्या. चेंबर रिकामं दाखवलं, खटका खाली केला. घोडा टक् करून पडला.

उस्ताद जवळ आले. आवाजात कीव होती. "सांगितलं होतं तुले. बाद."

"मंजूर. पण मी घाबरली होती का, उस्ताद?"

"घाबराले काय होतं? समोर त कागद होता."

"कागदच होता," गोपिकाचा आवाज चढला. "सत्तूर नव्हता. कोणी अंगावर येऊन नव्हतं राहिलं. आणि हात खाली नाही जाऊ द्यायचा, हे घोकून घोकून आली होती मी. तरी गेला. मंग प्रशिकचा काहून गेला? त्याले कोणं शिकवलं होतं?"

गोळ्या संपल्याची दुसरी शिट्टी झाली तसा प्रशिक खड्ड्यातून वर आला होता. तो निशाण्यापाशी उकिडवा बसला आणि मातीतल्या ताज्या भोकात त्यानं बोट घातलं.

"उस्ताद," तो तिथूनच म्हणाला, "माहीबी एवढीच खाली लागली होती."

"आता म्हणा," गोपिका म्हणाली. "प्रशिक घाबरला म्हणा. या सगळ्यायसमोर म्हणा पुन्हा."

उस्तादांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातच राहिला. माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी ती मागितली नाही. ते निशाण्याखालच्या मातीकडे बघत राहिले. सगळ्या वर्षांच्या पहिल्या गोळ्या तिथं गाडलेल्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक त्यांनीच मागून घेतली होती. गोपिका बाजूला झाली नाही. उत्तर मिळेपर्यंत ती हलणार नव्हती.

रांगेत पुढचा नंबर रोशनचा होता. तो पिस्तूल घेऊन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, प्रशिक खड्ड्यात उतरला.

"उस्ताद," रोशननं भीत भीत विचारलं, "पहिली?"

उस्तादांनी मिशीकडे निघालेला हात खाली घेतला. मग गोपिकाकडे न बघता म्हणाले, "मोजतो."

रोशननं खटका वर केला, दात आवळून तो जड चाप ओढला, आणि गोळी कागद सोडून भलतीकडेच गेली. खड्ड्यातून लाल झेंडी वर आली. या वेळी प्रशिकनं ती उजव्या हातात धरली होती. हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण झेंडी सगळ्यांना दिसत होती.