पाणी शेंड्याला चढतं कसं

गोदावरीच्या काठावर सगळे कावळ्याची वाट बघत होते. लहानूआबांचा दहावा होता. पिंड मांडून झाले होते आणि समोरच्या लिंबावर कावळे नुसते माना वेळावत बसले होते. इथल्या कावळ्यांना रोजचीच पंगत, त्यांना कसली घाई? घाई होती ती निकिताला.

आबांची ही एकुलती नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजात हल्ली इंटर्नलचे गुण मोबाइलच्या अ‍ॅपवरून धरत, आणि शेवटची चाचणी आज अकराला बंद होणार होती. ती हुकली तर वनस्पतिशास्त्रात नापास, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण बाईसाहेब अ‍ॅपवर वर्गात पहिल्या आणि लेखी परीक्षेत जेमतेम काठावर. चार पर्याय समोर आले की अंगठा बरोबर जागी पडे. कोरा कागद पुढं आला की डोक्यातलं सगळं पुसून जाई. सरांना तिनं फोन केला होता. अ‍ॅप आपोआप बंद होतं, माझ्या हातात काही नाही, असं सर म्हणाले. आणि कावळा शिवेपर्यंत फोन बाहेर काढायचा नाही, असं वडील, सोमनाथ, म्हणाले.

ती पायऱ्या चढे, उतरे, पर्सवरून हात फिरवी. तोवर एकेक जण हात जोडून आबांना शब्द देत होता. फुलांचा मळा मोडणार नाही, असं सोमनाथनं सांगितलं. बांधाचं भांडण मिटवतो, असं वाल्मीककाका म्हणाले. कावळे ढिम्म.

"निके, तू बोल," कुसाआत्या म्हणाली. "तुझ्यातच जीव होता त्यांचा."

नीट अभ्यास करीन, असं निकिता घाईघाईनं पुटपुटली. एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला. तिनं पर्सवरचा हात काढला. कारण आबांचं काय राहिलं होतं, ते तिला माहीत होतं.

रोज संध्याकाळी मळ्यातून आले की आबा पाय धुऊन ओट्यावर टेकत आणि आज काय शिकली ते विचारत. एकदा अंगणातल्या नारळाकडं बघून म्हणाले होते, "मोटार नाय, पाइप नाय. मग एवढ्या उंच शेंड्याला पाणी चढतं कसं गं?" त्याच प्रश्नाला त्याच दिवशी तिनं अ‍ॅपवर हिरवी खूण मिळवली होती. तरी मान वर न करता ती म्हणाली, "थांबा आबा, पाच मिनिटं." आबा थांबले. मग झोपायला गेले. दवाखान्यातही त्यांनी तेच विचारलं, आणि तेव्हाही तिची चाचणी चालू होती.

शेवटी भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात चालतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अकराला अजून अवकाश होता. निकितानं पर्सची चेनसुद्धा उघडली. भटजींच्या बोटांत गवताला चोच आली, पंख आले. टेकवलं की झालं. अशाच कितीतरी खुणा टेकवून ती मोकळी झाली होती.

"थांबा," ती म्हणाली. "पाच मिनिटं."

आपलेच शब्द तिच्या कानावर आले.

ती पिंडासमोर बसली. "आबा, ते पाणी..." एवढं म्हणून ती अडली. पर्याय कुठंच नव्हते. मग सुचेल तसं बोलू लागली. "वर पानांतून पाणी उडून जातं, आबा. वरचं गेलं की खालच्याला ओढ लागते." इथं तिला रडू कोसळलं. डोळे पुसून ती म्हणाली, "असं नाही कळणार. मुळापासून सांगते."

पर्समध्ये फोन थरथरला, पुन्हा थरथरला आणि गप्प झाला. भटजी काही बोलणार होते. सोमनाथनं त्यांचा हात धरला.

कावळा कधी शिवला ते तिला कळलंच नाही. आत्यानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती खोडापर्यंतच पोचली होती. शेंडा अजून लांब होता, आणि ती सांगतच राहिली.